आठवडाभर रक्तांत राहणारें औषध

औषध शरीरांत जितकें अधिक काळ राहील तितकें तें चांगलें, असा आपला एक भाबडा समज असतो. सल्फा औषधांचा इतिहास या समजाला फारसा अनुकूल नाहीं.

जर्मनींतील एल्बरफेल्ड येथें गेरहार्ड डोमाक यांनीं ‘प्रॉन्टोसिल’ या तांबड्या रंगद्रव्याचा जंतुघ्न गुण १९३५ सालीं प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील संशोधकांनीं दाखविलें कीं, हा गुण रंगाचा नसून शरीरांत त्याचें विघटन होऊन निघणाऱ्या सल्फॅनिलामाइडचा आहे. गंमत अशी कीं, व्हिएन्नाच्या पॉल गेल्मो यांनीं हा पदार्थ १९०८ सालींच तयार करून ठेवला होता! मधल्या सत्तावीस वर्षांत सूतिकाज्वरानें किती बाळंतिणी दगावल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडावा?

परंतु हें औषध मूत्रावाटें लवकर निघून जाई. दर चार तासांनीं, रात्रीं रोग्याला उठवूनसुद्धां, तें द्यावें लागे. म्हणून १९५० नंतर रसायनशास्त्रज्ञ टिकाऊ सल्फांच्या मागें लागले, आणि त्यांतून सल्फाडॉक्सिन निघालें. तें रक्तांतील प्रथिनाला घट्ट चिकटतें, मूत्रपिंडही तें पुष्कळसें परत शोषून घेतें. त्यामुळें रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारें आठवडा लागतो. हिंवतापाच्या परोपजीवीला फोलेट तयार करावें लागतें. त्या कामाची एक पायरी सल्फाडॉक्सिन अडवितें, दुसरी पायरिमेथामिन. दोहोंच्या मिळून तीन गोळ्या प्रौढ माणसानें एकदांच घेतल्या कीं झालें. जेथें दवाखाना दहा कोसांवर आहे, तेथें या सोयीचें मोल शहरवासीयांना सहसा कळत नाहीं.

पण जें रेंगाळतें तें हळूहळू क्षीणही होतें. अशा अपुऱ्या मात्रेंत जे परोपजीवी तगतात, तेच पुढें फैलावतात. आग्नेय आशियांत उपजलेला हा प्रतिकार पुढें आफ्रिकेंत पोंचला. आपल्या ईशान्येकडील राज्यांत आर्टेसुनेटच्या जोडीनें चाललेली ही योजना २०१३ सालीं बदलावी लागली. त्वचेवर भयंकर प्रतिक्रिया उठली, तर गोळी थांबवूनही औषध अंगांतून लवकर जात नाहीं. अमेरिकन प्रवाशांच्या अशा मृत्यूंनंतर १९८५ सालीं प्रतिबंधासाठीं तें सरसकट घेण्यावर तेथें निर्बंध आले.

तरीही आफ्रिकेंत, चौथ्या महिन्यापासून पुढें, निदान महिन्याच्या अंतरानें, गरोदर स्त्रियांना त्याच तीन गोळ्या आजही परिचारिकेच्या समोर गिळावयास देतात.