स्थिरचित्र

१. स्थिरचित्र : समोर मांडलेल्या निर्जीव वस्तू पाहून काढलेले चित्र. राज्याच्या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत एलिमेंटरीला ‘वस्तुचित्र’, तर इंटरमिजिएटला ‘स्थिरचित्र’ हा विषय असतो. नांदेड-लातूरकडच्या शाळकरी मुलांची या प्रकाराशी पहिली ओळख बहुधा इथेच होते. मांडणीत पितळी तांब्या, कांदे, वांगी, मागे चुण्या पाडलेले कापड अशा घरच्याच वस्तू असतात. जलरंगात तांब्यावरची चकाकी सहसा रंगवत नाहीत. तेवढा कागद कोरा राखतात. सावली तांब्याच्या बुडाशी गडद असते, पुढे फिकट होत जाते. अशी चित्रे पाहताना वाचकांनी आधी याच दोन जागा न्याहाळाव्यात. साध्या वस्तूकडे चित्रकाराने किती मनापासून पाहिले, ते तिथे कळते.