दोन महिने थांबा

परवा भाचीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू आहेत. इंजेक्शनं झाली, स्त्रीबीजं काढून झाली, भ्रूणही छान तयार झाले, आणि आता डॉक्टर म्हणतात, भ्रूण गोठवून ठेवू, दोन महिने थांबा. सासूबाईंनी "पैसे काढायचे धंदे" असा निकालही देऊन टाकला. तिला पीसीओएस आहे आणि एएमएच फार जास्त आलंय, एवढंच कारण तिला सांगता आलं. मी जन्मभर इतिहास शिकवला, शरीरशास्त्र नव्हे. पण एखादी गोष्ट कळली नाही की ती सुरू कुठून झाली ते बघायचं, ही माझी जुनी खोड. आठवडाभर वाचत बसले.

हा पीसीओएस १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची हकिगत छापून जगापुढे मांडला. पाळी अनियमित, मूल नाही, अंडाशय फुगलेले. त्यांचा उपाय म्हणजे अंडाशयाचा तुकडा कापून काढणे!

इंजेक्शनांची गोष्ट त्याहून नवलाची. पाळी कायमची थांबलेल्या बाईच्या लघवीत अंडाशयाला जागं करणारी संप्रेरकं भरपूर उतरतात. रोमच्या सेरोनो कंपनीतल्या पिएरो दोनिनी यांनी ती वेगळी काढली. पण औषध करायचं तर लघवी हवी पिंपांनी, आणि ती देणाऱ्यांत एकही गरोदर बाई नको. ब्रुनो लुनेनफेल्ड नावाचे तरुण डॉक्टर हा प्रस्ताव घेऊन गेले, आणि शेवटी इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध जोगिणींची लघवी गोळा होऊ लागली. १९६२ साली इस्राएलमध्ये या औषधावरचं पहिलं मूल जन्मलं. ज्यांनी संसार केला नाही त्या म्हाताऱ्यांनी दुसऱ्यांच्या घरात पाळणे हलवले. वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर पोरांनी आधी नाकं मुरडली असती आणि मग गप्प बसली असती.

पण औषध आलं तसं दुखणंही आलं. काही जणींचे अंडाशय बेसुमार फुगायचे, पोटात पाणी साठायचं, रक्त दाट होऊन गुठळ्या व्हायच्या. काही दगावल्याही. १९६७ मध्ये इस्राएलच्या डॉक्टरांनीच, लुनेनफेल्ड त्यांत होते, या दुखण्याच्या पायऱ्या लावल्या. पुढे लक्षात आलं की खरी ठिणगी शेवटच्या इंजेक्शनाची, बीजं पिकवणाऱ्या एचसीजीची. ते अंगात बरेच दिवस टिकतं आणि त्याच्या जोरावर अंडाशयातून निघणारं द्रव्य रक्तवाहिन्या झिरपत्या करतं. त्यातच दिवस राहिले तर गर्भाचं स्वतःचं एचसीजी वाढत जातं आणि आगीत तेल पडतं.

आणि हे कोणाला जास्त? तरुण, सडपातळ, पीसीओएस असलेल्या, एएमएच जास्त असलेल्या बाईला. म्हणजे जिच्यावर औषध सगळ्यांत चांगलं लागू पडतं तिलाच! (लठ्ठपणा आणि इन्सुलिनचा बिघाड यांचं खातं वेगळं. त्यांत गर्भपात, गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब यांची भीती अधिक.) आता एएमएचवरून आधीच अंदाज येतो, शेवटचं इंजेक्शनही बदलता येतं, आणि भ्रूण गोठवून अंडाशय शांत होईपर्यंत थांबता येतं.

इथे मला कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी भेटले. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली. तिच्या वेळी इंजेक्शनं नव्हती, पाळीत आपसूक पिकलेलं एकच बीज घेतलं होतं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात दुर्गा जन्मली. मुखर्जींनी मात्र तीच लघवीतली संप्रेरकं टोचून बीजं मिळवली, भ्रूण ५३ दिवस गोठवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला. त्यांचं कारण वेगळं होतं: औषधांनी गर्भाशयाचं अस्तर बिघडतं, ते ताळ्यावर येऊ द्यावं. पण कृती तीच, जी आज माझ्या भाचीला सांगितली गेली. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, बदली झाली, आणि जून १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत के.ई.एम.मध्ये हर्षा जन्मली आणि भारतातली पहिली ठरली. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखर्जींचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावरचा मान असा सोडून देणारी माणसं मला इतिहासात फार भेटली नाहीत.

काल हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. मध्येच फोन सासूबाईंनी घेतला. "गोठवलेलं पोर धड निघतं का हो?" मी म्हटलं, ती दुर्गा मोठी झाली, चांगली शिकली, स्वतः लोकांसमोर आली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "दोन महिने म्हणजे पौष उलटतो की. बरंच झालं."