उधारी यंत्रांची, फेड खनिजाची

वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील शिरगावात पाय ठेवायला जागा नसते. लईराई देवीच्या जत्रेसाठी आलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, हातात वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. गोव्याबाहेर शिरगाव माहीत आहे ते या जत्रेमुळे. पोलादाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या जपानी माणसाला मात्र हे गाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेला जपान सावरून पुन्हा परदेशात पैसा गुंतवू लागला, त्याचा पहिला टप्पा म्हणून १९५१ सालच्या गोव्यातील लोहखनिज प्रकल्पाचा उल्लेख होतो. ती खाण शिरगावची.

व्यवहार सरळ होता. खाण गोव्यातले खाणमालक चौगुले यांची, यंत्रे जपानची. डोंगर फोडण्याची आणि माल हलवण्याची सामग्री जपानने उधारीवर द्यायची आणि चौगुल्यांनी ती उधारी रोख पैशात न फेडता खनिजात फेडायची. समोरची कंपनी ‘निप्पॉन कोकान’ या पोलाद कारखान्याची खाण शाखा होती. जपानी भाषेत ‘कोकान’ म्हणजे पोलादी नळी. मराठी कानाला तो शब्द ‘कोकण’ असाच ऐकू येतो. टोकियोजवळच्या कावासाकीतला हा ‘कोकान’ आपल्या कोकणपट्टीत यावा हा निव्वळ योगायोग, पण तो जुळला खरा.

जपानला इतक्या दूर का यावे लागले? युद्धापूर्वी त्याच्या भट्ट्या मांचुरिया आणि हैनान बेटावरच्या खनिजावर पेटत असत. युद्ध हरल्यावर तो प्रदेश गेला, आणि १९५० साली कोरियात युद्ध भडकल्यावर चीनशी व्यापारही जवळजवळ थांबला. पोलादाला मागणी प्रचंड आणि घरात लोखंड नाही, अशी अवस्था. मग जपानी भूगर्भतज्ज्ञ फिलिपाइन्स, मलाया आणि गोवा पालथे घालू लागले. समुद्रमार्गे कच्चा माल आणण्यासाठी स्वतःची व्यवस्था उभारणे ही तशी या देशाची जुनी रीत. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साथीने जपानी कंपनीने मुंबई–कोबे बोटसेवा सुरू केली आणि पी अँड ओ कंपनीची मक्तेदारी मोडली, ती हिंदुस्थानी कापसासाठीच.

गोव्याची गरज वेगळी होती. तिथले खाणपट्टे १९०६ च्या पोर्तुगीज वसाहती कायद्याखाली दिले जात आणि एकदा मिळालेला पट्टा कायमचा असे. पट्टे पुष्कळ लोकांकडे होते, भांडवल कोणाकडेच नव्हते. कुदळ, फावडे आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या मजूर बायका, एवढीच यंत्रणा. लिस्बनला गोव्यात पैसा ओतण्याची हौस नव्हती. पुढे १९५४-५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आगगाडी बंद पडली, व्यापाराचा नेहमीचा रस्ता तुटला. तेव्हा पोर्तुगीज सरकारलाही परकीय चलन मिळवून देणारा हा एकच धंदा दिसू लागला. भारतात येणे-जाणे बंद झालेल्या गोव्यातून डोंगरच्या डोंगर बोटीत बसून पूर्वेला निघाले. त्यांच्या मोबदल्यात आलेल्या विलायती वस्तूंनी पणजी-मडगावची दुकाने भरली. त्या सुबत्तेच्या आठवणी गोव्यातल्या जुन्या घरांत अजून निघतात. टोपली वाहणाऱ्या बाईच्या आठवणी कोणी फारशा लिहून ठेवल्या नाहीत.

गोव्याला निसर्गाने एक देणगी दिली होती, ती म्हणजे नद्या. डिचोली, सांगे आणि सत्तरीतल्या खाणींपासून मांडवी-जुवारी जवळ. ट्रकने नदीकाठच्या धक्क्यापर्यंत नेलेला माल बार्जमध्ये भरायचा आणि भरती-ओहोटी सांभाळत मुरगाव बंदराला न्यायचा. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी मांडवी बंद होते. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. खाणीतून माल किती लवकर निघतो यापेक्षा जहाजात किती लवकर चढतो यावर धंद्याचा नफा ठरे, कारण उभ्या जहाजाचे भाडे दिवसागणिक चढते. म्हणून १९५९ साली मुरगावच्या धक्क्यावर चौगुल्यांनी खनिज भरण्याचा यांत्रिक प्रकल्प उभारला. तेव्हाच्या भारतातल्या मोठ्या बंदरांवरही अशी सोय दुर्मीळ होती. पुढे चौगुल्यांची स्वतःची जहाजे आली आणि त्यांची नावे ‘मराठा’ या शब्दाने सुरू होत. त्यातल्या ‘मराठा एन्व्हॉय’चे नाव तर लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या, जहाज बंदराबाहेर ताटकळल्याच्या खटल्यामुळे जगभरच्या सागरी कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसले.

आकडे बोलके आहेत. १९५० मध्ये गोव्याची खनिज निर्यात एक लाख टनांच्याही आत होती. १९६१ साली, म्हणजे पोर्तुगीज गेले त्या वर्षी, ती साठ लाख टनांच्या पुढे पोचली होती. हे सगळे श्रेय जपानला देता येणार नाही. पश्चिम जर्मनीसारखे युरोपातले गिऱ्हाईकही होते आणि गोव्यातल्या खाणमालकांची उमेदही होती. पण पुढची कित्येक वर्षे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपानच राहिले.

आता एक कबुली द्यायला हवी. शिरगावचा व्यवहार ‘मदत’ या सदरात कुठे नोंदलेला नाही; तो धंदाच होता. जपानचे अधिकृत मदतपर्व ६ ऑक्टोबर १९५४ पासून मोजतात. त्या दिवशी जपान आशियाई देशांच्या विकासासाठीच्या कोलंबो योजनेत सामील झाला. त्याच वर्षी ब्रह्मदेशाशी वीस कोटी डॉलरच्या युद्धभरपाईचा करार झाला. पुढे फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाशीही झाले. ही भरपाई रोकड नव्हती. जपानी यंत्रे, जपानी जहाजे आणि जपानी अभियंत्यांची सेवा अशा रूपात ती दिली जाई. म्हणजे दंड भरता भरता जपानी कारखान्यांना परदेशी बाजारपेठ मिळत गेली. भारताने तर भरपाईवर १९५२ च्या स्वतंत्र शांतता करारातच पाणी सोडले होते. तरीही जपानचे पहिलेवहिले येन-कर्ज मिळाले ते भारतालाच. १९५७ साली जपानचे पंतप्रधान किशी दिल्लीला आले, त्याच वर्षी नेहरू जपानला गेले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अठरा अब्ज येनचे कर्ज ठरले. खरेदी जपानकडूनच करायची, अशी अट होती. भारताची परकीय गंगाजळी तेव्हा आटत आली होती, त्यामुळे अटीवर वाद घालण्याच्या स्थितीत दिल्ली नव्हती. जपानच्या व्यापार मंत्रालयानेही काही लपवले नाही. आर्थिक सहकार्यावरच्या आपल्या पहिल्या श्वेतपत्रिकेत, १९५८ सालीच, या मदतीचा हेतू आपल्या निर्यातीला वाट करून देणे आणि कच्चा माल मिळवणे हा आहे, हे त्याने मांडले होते. दात्याच्या तोंडून इतके स्पष्ट बोल नंतरच्या काळात क्वचितच निघाले.

गंमत अशी की दुसऱ्याला कर्ज देणारा हा जपान स्वतः त्याच वर्षांत कर्जबाजारी होता. १९५३ ते १९६६ या काळात त्याने जागतिक बँकेकडून एकतीस कर्जे घेतली. त्यांत पोलाद कारखाने होते, वीजकेंद्रे होती, बुलेट ट्रेनही होती. शेवटचा हप्ता फिटला जुलै १९९० मध्ये. एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देणारा हा सावकार होता. कर्ज घेऊन निर्यात वाढवायची आणि निर्यातीतून कर्ज फेडायचे, हे त्याने आधी स्वतःच्या घरात करून पाहिले होते. जपानी मदतीत दवाखान्यांपेक्षा बंदरे, रस्ते आणि वीज जास्त का दिसतात, याचे एक कारण इथे असावे.

शिरगावचा साचा पुढे मोठा होत गेला. किरिबुरूच्या खाणीतले लोहखनिज जपानला विकायचे म्हणून नोव्हेंबर १९५८ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय खनिज विकास महामंडळ काढले. त्यानंतर पाळी आली बस्तरमधल्या बैलाडिलाची. नावातच अर्थ आहे: बैलाचे वशिंड. या डोंगररांगेची पाहणी क्रुकशँक या भूगर्भशास्त्रज्ञाने १९३४-३५ मध्ये केली होती. तो अहवाल दोन दशके कपाटात पडून होता. जपानी पोलाद कारखानदारांच्या तज्ज्ञांनी तो वाचला आणि पाहणीसाठी माणसे पाठवली. १९६० साली करार झाला. जंगलातल्या किरंदुलपासून पूर्व घाट ओलांडून विशाखापट्टणमच्या वाटेवर कोत्तवलसापर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रुळमार्ग टाकला गेला आणि बंदरात खनिजाची यंत्रणा बसली. जपानी कर्जाचा त्याला हातभार होता.

हा रुळमार्ग अभियांत्रिकीचा नमुना आहे, यात शंका नाही. पण नकाशावर तो पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बस्तरच्या माणसाला त्याच्या राजधानीला, त्याच्या बाजाराला किंवा महाविद्यालयाला नेण्यासाठी तो टाकलेलाच नव्हता. तो डोंगराकडून समुद्राकडे जातो, पाट उताराकडे जातो तसा. व्यापारासाठी दिलेल्या मदतीत पाट खणण्याचा खर्च दाता सोसतो हे खरे. उतार कोणत्या बाजूला ठेवायचा तेही बहुधा तोच ठरवतो. मुरगावला निदान मालक स्थानिक होते, बार्ज त्यांच्या होत्या, नफ्याचा काही भाग गोव्यात राहिला. बैलाडिल्यात हळबी-गोंडी बोलणाऱ्यांच्या वाट्याला आला तो मुख्यतः मालगाडीचा आवाज.

जपानी भाषेत या पद्धतीला ‘काइहात्सु युन्यू’ असे नाव पडले. आधी विकास करायचा, मग आयात करायची. १९६८ साली सुमात्राच्या लांपुंग भागात मित्सुई कंपनीने स्थानिक भागीदाराबरोबर मक्याची प्रचंड शेती काढली. पिकावरच्या रोगांनी तिची पुरती दमछाक केली. १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात अचानक रोखली आणि सोयाबीनच्या टोफूवर आणि मिसोवर जगणारा जपान हादरला. पुढच्या वर्षी पंतप्रधान तानाका ब्राझीलला गेले. १९७९ पासून २००१ पर्यंत दोन्ही देशांनी मिळून ब्राझीलमधल्या सेराडोच्या आम्लधर्मी, नापीक समजल्या जाणाऱ्या माळरानावर शेती उभी केली. ब्राझील आज सोयाबीनचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. त्या सोयाबीनचा सर्वांत मोठा खरेदीदार मात्र जपान नाही, चीन आहे. माळरानाची राखरांगोळी झाली असे पर्यावरणवादी म्हणतात, भुकेल्या जगाला धान्य मिळाले असे शेतीतज्ज्ञ म्हणतात. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

‘व्यापारासाठी मदत’ हे बारसे झाले ते फार उशिरा, डिसेंबर २००५ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेच्या हाँगकाँग परिषदेत. गरीब देशांना शुल्कमाफी देऊन भागत नाही, माल बंदरापर्यंत पोचायला रस्ता आणि वेळेत कागद करून देणारी कचेरी लागते, हे तिथे सर्वांनी मान्य केले. परिषदेच्या तोंडावर जपानचे पंतप्रधान कोइझुमी यांनी तीन वर्षांत दहा अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. या नव्या पर्वातली काही कामे खरोखर वेगळी होती. झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवर चिरुंडू येथे ट्रकवाल्याला आधी एका देशाच्या आणि मग दुसऱ्या देशाच्या खिडकीपुढे दिवस-दिवस ताटकळावे लागे. जपानसह अनेक दात्यांच्या मदतीने डिसेंबर २००९ मध्ये तिथे दोन्ही देशांची तपासणी एकाच आवारात सुरू झाली. आफ्रिकेतले अशा प्रकारचे ते पहिले नाके. यात जपानला खनिज मिळाले नाही, की सोयाबीन.

सगळेच मात्र बदलले असे नाही. मुंबईसमोरच्या जवाहरलाल नेहरू बंदराला दिल्लीजवळच्या दादरीशी जोडणारा मालगाड्यांचा पश्चिम मार्ग जपानी कर्जावर हाती घेतला गेला. व्याज नाममात्र, मुदत चाळीस वर्षांची. पण पहिल्या टप्प्याच्या कर्जाला अट होती की मुख्य कंत्राट जपानी कंपनीच्या नेतृत्वाखाली असावे आणि सामग्रीचा किमान तीस टक्के भाग जपानी असावा. १९५८ ची अट पन्नास वर्षांनी सौम्य होऊन परत आली, इतकेच. या मार्गाने जाणारे डबे जगातल्या कोणत्याही देशाचे असू शकतात, हा फरक मोठा आहे.

गोव्याकडे परत यायचे तर, जपानी भट्ट्यांनी पुढे ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलचे उच्च प्रतीचे खनिज मोठ्या जहाजांतून आणायला सुरुवात केली आणि गोव्याचे हलके खनिज मागे पडले. मग चीन आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले, बहुतांश चीनला, आणि रस्त्यावर टिप्परची रांग तुटेना. शिरगावात खाणी इतक्या खोल गेल्या की विहिरींचे पाणी खाली गेल्याची तक्रार गावकऱ्यांनी न्यायालयापर्यंत नेली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. पट्ट्यांचे मूळ अजूनही १९०६ च्या त्या पोर्तुगीज कायद्यात होते.

नदीकाठी बार्ज गंजत उभ्या राहिल्या. मुरगाव बंदर मात्र चालूच आहे. खनिज बाहेर पाठवण्यासाठी वाढवलेल्या या बंदरात आता परदेशी कोळसा उतरतो आणि मालगाडीत बसून घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद भट्ट्यांकडे जातो. वास्कोतल्या घरांच्या खिडक्यांच्या कठड्यांवर त्याची काळी भुकटी साचते आणि ती कोणी पुसायची, यावर तिथे अजून वाद चालू आहे.