पत्रांतून शिकलेली विद्या

मनोविकारशास्त्राच्या रेसिडेंट मुलामुलींसमोर मानसोपचाराचा विषय काढायचा असला की मी आधी कलकत्त्याला जाते. १४, पारशीबागान लेन. गिरींद्रशेखर बोस ह्या डॉक्टरांचं घर. १९२२ साली तिथे इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी सुरू झाली. पंधरा संस्थापक सभासदांत डॉक्टर थोडे, कॉलेजांतले प्राध्यापकच जास्त. मनाचे आजार बोलून बरे करण्याची विद्या आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयातून नव्हे, ह्या घरातून आली. मुलांना हे ठाऊक नसतं आणि मला त्याचं वाईट वाटतं.

बोसांना शिकवणारं कोणी नव्हतं. आधी संमोहन, मग कलकत्त्यात हाती येतील ते लेख आणि भाषांतरं, एवढ्यावर त्यांनी रुग्ण घ्यायला सुरुवात केली. १९२१ मध्ये दमनावरचा आपला प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला फ्रॉइडना पाठवला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांची भेट कधीच झाली नाही. जतींद्रकुमार सेन ह्या चित्रकाराने फ्रॉइडना न पाहताच, ते कसे दिसत असतील ह्या कल्पनेने, त्यांचं चित्र काढलं. बोसांनी तेही पाठवून दिलं. पण पत्रांतून ते आशीर्वाद मागत बसले नाहीत. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची उलटी इच्छा असते, हे आपलं मत त्यांनी फ्रॉइडपुढे वर्षानुवर्षं लावून धरलं. हा भाग मी मुलांना सावकाश सांगते. गुरूशी वाद घालायची मुभा ह्या विद्येत पहिल्या दिवसापासून आहे.

त्याच सुमाराला बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाच्या शिक्षणाची चौकट ठरत होती. १९२० साली माक्स आयटिंगोन आणि सहकाऱ्यांनी तिथे दवाखाना काढला. शिकाऊ माणसाने आधी स्वतः रुग्णासारखं पडून आपलं मन उलगडायचं, व्याख्यानं ऐकायची, आणि रुग्ण हाती घेतला की त्या बैठकींची हकिगत ज्येष्ठाला नियमाने सांगायची. जगभर पुढे हेच तीन पाय मानले गेले. बोसांना पहिला पाय मिळालाच नाही. त्यांचं विश्लेषण कोण करणार? ते मात्र कलकत्त्यातल्या इतरांचं करत राहिले. १९३३ मध्ये कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, त्यांनी मनोविकारांची ओपीडी सुरू केली. वेड्यांच्या इस्पितळाबाहेर, सर्वसाधारण रुग्णालयात मनोरुग्ण पाहण्याची भारतातली ही सुरुवात.

मुंबईत १९३८ साली डॉ. के. आर. मसानींनी जे. जे.मध्ये असाच विभाग उघडला. पुढे परळच्या केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहियांनी वेगळी वाट धरली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान ह्या पतंजलीच्या पायऱ्यांवर उपचारपद्धती बांधली आणि ती पारखूनही पाहिली: तुलनेच्या गटाला वरकरणी तसेच दिसणारे व्यायाम देऊन. परंपरेचं नाव घेऊन परीक्षा टाळली नाही, म्हणून मला वाहिया मोठे वाटतात. त्यांच्या विभागात तयार झालेले दिलीप जेस्ते २०१२ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

आणि पुन्हा पत्रं. १९६८ च्या सुमारास कि. मो. फडक्यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसना लिहायला सुरुवात केली. शंका, आक्षेप, उलट आक्षेप असं ते कित्येक वर्षं चाललं. फडके मनोविकारतज्ज्ञ नव्हते, तरी त्यांच्याकडे मनोविकारतज्ज्ञ शिकायला येत. एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत रुजली ती फडक्यांमुळे.

माझ्या शिक्षणाच्या काळात आम्हाला कोणी पत्र लिहायलाही नव्हतं. ओपीडीबाहेर बाकांवर माणसं दाटलेली, केसपेपरांचा गठ्ठा, एकेकाला पाच-सात मिनिटं. निदान, औषध, पुढची तारीख. परीक्षेत लाँग केस आणि शॉर्ट केस विचारत. एखाद्या बाईशी आठवडेच्या आठवडे बोलताना तू काय ऐकलंस, हे कोणी विचारलं नाही. आजही बऱ्याच ठिकाणी बर्लिनच्या त्या तीन पायांतली फक्त व्याख्यानं उरली आहेत. रुग्णांची गर्दी खरी आहे, डॉक्टर कमी आहेत हेही खरं, पण एवढ्याने तिसरा पाय सोडून देणं मला मान्य नाही. आठवड्यातला एक तास तेवढा त्याला लागतो.

एमडी झाल्यावर कोणी जिल्हा रुग्णालयात जातो, कोणी लातूर-सांगलीत दवाखाना थाटतो, कोणी परदेशी. निघताना मी प्रत्येकाला एकच सांगते. गर्दी कितीही असो, एक रुग्ण पाऊण तासाचा ठेवा, दर आठवड्याला, ठरल्या वेळी. आणि त्याच्याबद्दल बोलायला एक ज्येष्ठ आधीच ठरवून ठेवा. लातूरचा एक मुलगा गुरुवारी रात्री फोन करतो; गेल्या वेळी अर्धा तास आम्ही त्याच्या रुग्णाच्या गप्प बसण्यावरच वाद घातला, आणि त्याचं म्हणणं मला पटलं नाही हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. ह्या गुरुवारी तो पुन्हा भांडणार आहे.