शिराझचा एकवीस वर्षांचा मुलगा

1958 साली इराणमधल्या शिराझच्या इस्पितळात एकवीस वर्षांचा तरुण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. मिसरूडही फुटलेलं नाही. खाणं म्हणजे रोटी, आणि चक्क माती! मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांना संशय आला जस्ताच्या कमतरतेचा. बिनखमिराच्या रोटीतलं फायटेट जस्त शरीराला पुरेसं मिळू देत नाही. पुढे इजिप्तमध्ये अशाच रुग्णांना जस्त दिलं, तेव्हा उंची वाढली, तारुण्याच्या खुणा उमटल्या.

1996 साली प्रसादांच्याच अभ्यासात जस्त कमी केलेल्या आहारावर निरोगी तरुणांचं टेस्टोस्टेरॉन वीस आठवड्यांत घसरलं.

व्यायामशाळांतल्या जस्ताच्या गोळ्यांचा धंदा मात्र भरल्या पोटांवर, म्हणजे जस्ताची वाण नसलेल्यांवर चालतो. जस्त-मॅग्नेशियमची ‘झेडएमए’ गाजवणाऱ्या व्हिक्टर काँटे यांचं नाव पुढे खेळाडूंना उत्तेजकं पुरवल्याच्या बाल्को प्रकरणात झळकलं.