मास्तरांनी उभारलेला लढा

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. याच बीड जिल्ह्यात, गोदाकाठी राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. ती तलवारीची लढाई होती. पेशवे जिंकले खरे, पण पुढे हा मुलूख निजामाच्याच राज्यात राहिला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी याच भूमीवर दुसरी लढाई उभी राहिली. तिचे वेगळेपण असे, की ती उभी करणारे पुष्कळसे लोक शाळामास्तर होते. आज त्यांच्याविषयी दोन शब्द सांगायचे आहेत.

आधी त्या काळची परिस्थिती ध्यानात घेऊ. हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य. पण दरबारची भाषा उर्दू. तलवाड्याच्या शेतकऱ्याच्या हाती सरकारी कागद आला, तर त्यात काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. मुलगा वरच्या इयत्तेत गेला, की त्याचे शिक्षण उर्दूतून. खाजगी शाळा काढायची तर परवानगी हवी आणि सभा भरवायची तरी परवानगीच. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या हुकुमाने चार माणसांना एकत्र बसून बोलणेही अवघड करून ठेवले होते. त्यावर जहागीरदारांची सत्ता आणि गरिबांच्या मानेवर वेठबिगार. दाद मागावी तर कुणाकडे?

अशा राज्यात १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, हिप्परगा या खेड्यात एक राष्ट्रीय शाळा निघाली. मातृभाषेतून शिकवावे, मुलांना ताठ मानेने जगायला शिकवावे, एवढाच तिचा बाणा. या शाळेत पुढे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. त्यांचा जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली होती. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मजुरांच्या चळवळीत काम केले. मग शरीर आजाराने खचले आणि ते हिप्परग्याला येऊन मुले शिकवू लागले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. हेच आपले स्वामी रामानंद तीर्थ.

संन्यासी म्हटला की डोंगरात जाऊन बसायचा, अशी आपली समजूत. या संन्याशाने मात्र हातातला खडू सोडला नाही. १९३५ साली ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. त्या वेळी गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद. तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे तोलामोलाचे सहकारी त्यांना लाभले. पगार बेताचा, राहणी साधी, पण मुलांवर जीव ओतलेला.

मात्र स्वामीजींच्या मनात एक प्रश्न सतत डाचत होता. वर्गात मुलाला सांगायचे, की अन्यायापुढे वाकू नकोस. आणि वर्गाबाहेर आपण स्वतः काय करायचे? १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी शाळा सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. त्याच साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. त्यांची नावे कमी झाली. शिक्षणाचे दार बंद झालेल्या या पोरांना अखेर नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. औरंगाबादेत गणित शिकवणारे गोविंदभाई श्रॉफ हेही नोकरीवर पाणी सोडून या कामात पडले. मंडळी, घरचे दोन घास सोडून अनिश्चिताच्या मागे जाणे सोपे नसते. आईबापांची तोंडे डोळ्यांपुढे येतात.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात यायचे नाकारले. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवून स्वामीजी पुन्हा गजाआड गेले. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर ते सुटले, आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा पकडले गेले. बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींच्या कृतिसमितीने लढा चालवला. सरहद्दीवर छावण्या पडल्या. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला. बीड जिल्ह्याची पश्चिमेची शीव नगर जिल्ह्याला लागलेली. तेव्हा कितीतरी कुटुंबांनी रातोरात गाडीबैल जुंपून ती ओलांडली.

हा लढा एका राजवटीशी होता, एका धर्माशी नव्हता. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा, असे निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. लिहिणारा हातच मारेकऱ्यांनी तोडला. आणि सप्टेंबरनंतरच्या गोंधळात मराठवाड्यातल्या अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवरही अत्याचार झाले, हेही इतिहासाने नोंदवले आहे. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याने आपल्या बाजूचा अन्यायही ओळखला पाहिजे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. आता सत्कार घ्यावेत, खुर्चीत बसावे, असा तो काळ. स्वामीजी लोकसभेत निवडून गेले, पण त्यांचे मन कसणाऱ्याला जमीन मिळण्याच्या प्रश्नात गुंतले होते. विनोबांच्या भूदानातही ते हिंडले. भाषेनुसार प्रांत व्हावेत आणि हैदराबाद संस्थानाचे विसर्जन व्हावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १९५६ साली ते घडले. ज्या संस्थानाचे आपण पुढारी, ते संस्थानच मोडा, असे म्हणणारा पुढारी विरळाच! २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी देह ठेवला. नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव चालवतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होते, मुले खाऊ घेऊन घरी जातात. त्या दिवशी मुलांना एक काम सांगा. घरी आजी-आजोबांना विचारा, आपल्या गावातून कोण तुरुंगात गेले? कोणी भाकरी पुरवल्या? कोणी कोणाला घरात लपवले? मोठ्या पुढाऱ्यांची नावे पुस्तकांत राहतील. पण भाकरी थापणाऱ्या बायांची, निरोप पोचवणाऱ्या पोरांची आठवण फक्त घराघरांत उरली आहे. तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती आहेत तोवर वहीत चार ओळी उतरवून घ्याव्यात. स्वामीजींनी शाळेतूनच सुरुवात केली होती. आपल्यालाही तेथूनच करता येईल.