लँचेस्टरचे नियम

लढाईत दोन्ही सैन्यांची झीज कोणत्या वेगाने होते, हे अवकल समीकरणांनी सांगणारे नियम. फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (१८६८–१९४६) या इंग्रज अभियंत्यांनी ते १९१४ मध्ये लेखांतून मांडले. १९१६ च्या विमानयुद्धावरील ग्रंथात त्यांचा समावेश झाला. रशियात ओसिपॉव्ह यांनी १९१५ मध्ये असेच विवेचन केले. अमेरिकी नौदलातील चेस यांचे १९०२ चे टिपण १९७२ पर्यंत गोपनीय होते. नाव मात्र लँचेस्टर यांचेच रूढ झाले.

रेषीय नियम : तलवारीच्या लढाईत एकाशी एकच भिडतो, म्हणून बळ संख्येच्या प्रमाणात.

वर्ग नियम : नेम धरून दुरून मारा करता येतो तेव्हा अनेकांना एकाच लक्ष्यावर तुटून पडता येते. एका पक्षाच्या झिजेचा वेग म्हणजे शत्रूची उरलेली संख्या गुणिले शत्रूचा मारक गुणांक (दर माणशी मारकक्षमता). समीकरणे सोडवली की बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात येते : दुप्पट सैन्य, चौपट बळ.

लँचेस्टर यांनी ट्रफॅल्गारच्या नाविक लढाईपूर्वीचा (१८०५) इंग्रज नौसेनापती नेल्सन यांचा बेत या नियमाने तपासला. बेतात इंग्रजांची ४० जहाजे, शत्रूची (फ्रान्स व स्पेन) ४६. सरळ सामना झाला तर ४६² – ४०² = ५१६; इंग्रजांचे सारे आरमार संपूनही शत्रूची सुमारे २३ जहाजे शिल्लक. नेल्सन यांनी शत्रूची रांग मधोमध तोडायची ठरवले : पिछाडीच्या २३ जहाजांवर ३२ घालायची, आघाडीच्या २३ ना ८ जहाजांनी खोळंबून ठेवायचे. आता ३२² + ८² = १,०८८ आणि २३² + २३² = १,०५८. पारडे इंग्रजांकडे झुकते, फरक साडेपाच जहाजांचा. जहाजे तीच, फक्त वाटणी निराळी. (प्रत्यक्षात २७ विरुद्ध ३३ जहाजे लढली.)

पडताळा : वर्ग नियम तपासण्यासाठी जे. एच. एंगेल यांनी १९५४ मध्ये इवो जिमा बेटावरील लढाईचे (१९४५) आकडे घेतले. जपानी सैन्य सुमारे २१,५००. अमेरिकेचे पहिल्या दिवशी ५४,०००, तिसऱ्या दिवशी ६,००० व सहाव्या दिवशी १३,००० उतरले असे धरले. नियमावरून काढलेला अमेरिकी सैन्यसंख्येचा आलेख अमेरिकी नोंदींशी चांगला जुळला. जपान्यांची रोजची हानी उपलब्ध नव्हती आणि गुणांक त्याच लढाईतून काढले होते, म्हणून हा पडताळा सर्वमान्य नाही.

गनिमी युद्ध : दबा धरून बसलेल्यांना नेमका नेम साधतो, सापडलेल्यांना अंदाजाने गोळीबार करावा लागतो. डाइचमन यांनी १९६२ मध्ये यासाठी वरील दोन्ही नियम एकत्र करणारा मिश्र नियम दिला.

मनोधैर्य, भूप्रदेश : यांचा परिणाम मारक गुणांकातच समाविष्ट मानतात.